हद्दवाढ, युरोप आणि पोपचं एक पत्र

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडायला लागले आणि बघता बघता पुणे परिसरातला आकडा दोनशेच्या वर गेला. हातापायांतली ताकद गेलेली माणसं व्हेंटिलेटरवर ठेवावी लागली, काही दगावली. सर्वाधिक रुग्ण नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, धायरी या भागातले होते. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला, तेव्हा संशय पाण्यावर गेला. नांदेड गावातल्या ज्या विहिरीचं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं, ती धरणाच्या पाण्यावर भरते. तिथून पाणी क्लोरीन टाकून नळाला सुटायचं, शुद्धीकरण केंद्र नव्हतं.

नांदेड, किरकटवाडी, नांदोशी आणि खडकवासला ही गावं ३० जून २०२१ रोजी आणखी एकोणीस गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे वाद न्यायालयात चालत राहिले आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे साथ आली तेव्हा या गावांतल्या माणसाला सरपंच नव्हता आणि नगरसेवकही नव्हता. शहराचा भाग होऊन साडेतीन वर्षं झालेली होती, पण शहराच्या सभागृहासाठी त्याने एकदाही मत दिलेलं नव्हतं. लग्न लावून सून घरी आणायची आणि चार वर्षं रेशनकार्डावर तिचं नावच घालायचं नाही, असा हा प्रकार.

या गावांना महापालिकेत घ्यायलाच नको होतं, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. किरकटवाडीसारख्या गावाच्या डोक्यावर आठ-दहा वर्षांत इतके टॉवर उभे राहिले की त्यांचं पाणी आणि मैला सांभाळणं कुठल्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नव्हतं. शुद्धीकरण केंद्र ही सरपंचाने वर्गणी काढून उभी करायची गोष्ट नाही. मोठी संस्था हवीच होती. माझा आक्षेप वेगळा आहे. मोठ्या संस्थेने लहान संस्थेची सत्ता पहिल्या दिवशी घेतली आणि मदत मात्र फुरसतीवर टाकली. राजकीय एकीकरण म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यात जगभर हाच उलटा क्रम दिसतो. त्यावर विचार करायला मला सगळ्यात उपयोगी पडलेली शिकवण माझ्या चर्चची आहे, आणि ती माझ्या चर्चबाहेर महाराष्ट्रात जवळपास कुणाला ठाऊक नाही. हा दोष ऐकणाऱ्यांचा नाही. आम्ही ती कधी सांगितलीच नाही.

मी नगर रस्त्यावरचा मराठी कॅथलिक. आमच्या भागात रामवाडीला पेपल सेमिनरी आहे. देशभरातले तरुण धर्मगुरू होण्यासाठी तिथे शिकायला येतात. तिची स्थापना तेरावे लिओ या पोपनी १८९३ साली श्रीलंकेत, कँडीला केली, आणि १९५५ मध्ये ती पुण्यात आली. याच लिओंनी सेमिनरीच्या दोन वर्षं आधी, १५ मे १८९१ रोजी, ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढलं. गिरण्यांत आणि खाणींत पिळून निघणाऱ्या कामगाराला कुटुंब पोसता येईल इतकं वेतन मिळालंच पाहिजे, त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, आणि मालकाने करार करून घेतला म्हणून अन्यायाचा न्याय होत नाही, हे एका पोपने अधिकृतपणे सांगितलं. कॅथलिक सामाजिक शिकवण म्हणून जी परंपरा आज ओळखली जाते, ती इथून सुरू झाली. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं आणि ते घेताना याच पत्राची आठवण सांगितली. तेरावे लिओ पुण्याला असे परके नाहीत, रोज त्यांच्या संस्थेच्या भिंतीवरून आमची पीएमपी जाते.

आपल्या विषयाला थेट भिडणारं पत्र मात्र चाळीस वर्षांनी आलं. मे १९३१. इटलीत मुसोलिनी. चर्चच्या युवक संघटनांवर फासिस्टांची धाड पडत होती. ‘राज्याच्या बाहेर काहीही नाही’ हा त्या राजवटीचा दावा होता. अशा वेळी पोप अकराव्या पायसनी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात एक तत्त्व मांडलं. त्याच्या मसुद्यात ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉयनिंग या जर्मन जेझुइटाचा (येशूसंघी धर्मगुरूचा) मोठा हात होता. तत्त्व असं: माणूस स्वतःच्या उमेदीने जे करू शकतो, ते त्याच्याकडून काढून समाजाच्या हवाली करणं चूक आहे, तसंच लहान आणि खालच्या संस्था जे करू शकतात ते मोठ्या आणि वरच्या संस्थेने ओढून घेणं हा अन्याय आहे. वरच्या संस्थेचं काम खालच्याला मदत करण्याचं. खालच्याला मोडून स्वतःत जिरवून टाकण्याचा अधिकार तिला नाही. याला सब्सिडिअ‍ॅरिटीचं तत्त्व म्हणतात.

हे तत्त्व जन्मापासून स्वच्छ राहिलं असं सांगितलं तर तो खोटेपणा होईल. त्याच पत्रातली व्यवसायवार संघटनांची कल्पना ऑस्ट्रियात चॅन्सेलर डॉलफुसने उचलली आणि संसद मोडून १९३४ मध्ये केलेल्या राज्यघटनेला तिची झालर लावली. पोर्तुगालमध्ये सालाझारच्या हुकूमशाहीनेही तेच केलं. लहान संस्थांचा सन्मान करा सांगणाऱ्या पत्राचा आधार घेऊन दोन देशांत कामगारांच्या खऱ्या संघटना चिरडल्या गेल्या, आणि त्या वेळी रोममधून ठणकावून नकार आला नाही. चर्चची सामाजिक शिकवण वाचताना हे पान वगळून पुढे जाऊ नये. लहान संस्था कुठली खरी, हे वरून ठरवलं गेलं की तत्त्वाचा जीव तिथेच जातो.

युद्ध संपल्यावर ही शिकवण तीन माणसांच्या हातात आली. पुढे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री झालेले रॉबर्ट शुमन लक्झेंबर्गमध्ये जन्मले. त्यांच्या वडिलांचा लोरेन प्रांत १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीने घेतला. पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झालेले कोनराड आडेनाउअर १९१७ पासून कोलोनचे महापौर होते, नाझींनी १९३३ मध्ये त्यांना हटवलं. पुढे इटलीचे पंतप्रधान झालेले आल्चिदे दे गास्पेरी जन्मले तेव्हा त्यांचं ट्रेंटो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. इटालियन भाषक असून ते व्हिएन्नाच्या संसदेत बसले, पुढे मुसोलिनीच्या तुरुंगात गेले, आणि सुटल्यावर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात नोकरी करून दिवस काढले. तिघेही कॅथलिक, तिघेही सरहद्दीवरचे किंवा नगरपालिकेच्या कारभारात मुरलेले, आणि तिघांनाही जर्मन येत असल्याने दुभाष्याशिवाय बोलणारे. ९ मे १९५० रोजी शुमननी जाहीर केलं की फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक सत्तेखाली आणावं. ज्या दोन वस्तूंतून तोफा होतात त्याच आधी एकत्र करायच्या. युरोप एका दमात किंवा एकाच आराखड्याने उभा राहणार नाही, आधी प्रत्यक्ष कामातून बांधिलकी तयार व्हावी लागेल, हे त्या घोषणेतच म्हटलेलं आहे. पुढच्या वर्षी सहा देशांनी पॅरिसच्या करारावर सह्या केल्या.

मला या तिघांबद्दल मनापासून आदर आहे. त्यांनी क्रम बरोबर लावला. आधी दोघांना एकमेकांची गरज पडेल असं काम उभं केलं, त्या कामापुरतीच सत्ता वर नेली. गावची शाळा, प्रांताची भाषा, चर्चच्या सुट्ट्या यांना कुणी हातही लावला नाही.

पुढच्या पिढीने घाई केली. फेब्रुवारी १९९२ मध्ये मास्ट्रिख्तच्या, म्हणजे युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या, करारात सब्सिडिअ‍ॅरिटी हा शब्द कायद्यात आला. पोपच्या पत्रातलं तत्त्व साठ वर्षांत बारा देशांच्या करारात पोचलं, म्हणून आनंद व्हायला हवा. पण करारात आलं ते अर्धंच. वरची सत्ता कुठे हस्तक्षेप करणार नाही, हे लिहिलं गेलं. खालच्याला मदत करण्याचं कर्तव्य मागे राहिलं. लिस्बन करारानंतर राष्ट्रीय संसदांना ‘यलो कार्ड’ मिळालं. एक तृतीयांश मतं जमली तर ब्रुसेल्सला, म्हणजे संघाच्या मुख्यालयाला, प्रस्तावाचा फेरविचार करावा लागतो. ते पहिल्यांदा वापरलं गेलं २०१२ मध्ये, मग २०१३ आणि २०१६ मध्ये. वकिलांच्या कामाची गोष्ट झाली. कर्जसंकटात ग्रीसमधल्या निवृत्त शिक्षकाचं पेन्शन कापलं जात असताना त्या कार्डाचा त्याला काय उपयोग?

आणि मग २०१५. सीरियातून आणि इतर देशांतून लाखो माणसं समुद्र ओलांडून ग्रीस आणि इटलीच्या किनाऱ्याला लागली. युरोपच्या नियमाप्रमाणे ज्या देशात पहिलं पाऊल पडलं त्यानेच अर्ज बघायचा, म्हणजे भार दोघांवर. सप्टेंबरमध्ये १ लाख ६० हजार निर्वासित इतर देशांत वाटून घ्यायचं ठरलं. प्रत्यक्षात वाटले गेले ३५ हजारांच्या आसपास. हंगेरी आणि स्लोव्हाकिया तर युरोपच्या न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये हरले. ‘आमच्या देशात कोण येणार हे आम्ही ठरवणार, ब्रुसेल्स नव्हे’ हा त्यांचा युक्तिवाद कानाला अगदी सब्सिडिअ‍ॅरिटीसारखा लागतो, आणि तो ख्रिस्ती युरोपच्या नावाने केला जात होता. हे मला सगळ्यात जास्त लागलं. पोप सोळाव्या बेनेडिक्टनी २००९ मध्येच लिहून ठेवलं होतं की सब्सिडिअ‍ॅरिटी आणि बांधिलकी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. पहिली एकटी राहिली तर ती आपापल्यापुरतं बघणं होते. दुसरी एकटी राहिली तर वरून केलेला उपकार होतो. ग्रीसने दोन्ही भोगलं: निर्वासितांच्या वेळी शेजाऱ्यांनी आपापलं बघितलं, आणि कर्जाच्या वेळी उपकार करणाऱ्यांनी अटी घातल्या.

चर्चही या काळात चुकलं, असं माझं मत आहे. युरोपच्या राज्यघटनेचा मसुदा होत होता तेव्हा व्हॅटिकनने सगळा जोर लावला तो प्रास्ताविकात ख्रिस्ती वारशाचा उल्लेख यावा यासाठी. तो आला नाही. आला असता तरी काय फरक पडला असता? २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तो मसुदाच नाकारला. आपलं जगणं कोण ठरवतं हेच कळेनासं झाल्याची त्यांची तक्रार होती. प्रास्ताविकातल्या ओळीसाठी भांडण्यापेक्षा त्या तक्रारीच्या बाजूला उभं राहायला हवं होतं.

‘युरोपचं युरोपात, आपल्याला काय त्याचं?’ असा प्रश्न पुण्यात कुणी विचारू नये, कारण राजकीय एकीकरणाचा भारतातला सगळ्यात अवघड करार पुण्यातच झाला. २४ सप्टेंबर १९३२, येरवडा तुरुंग. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. गांधीजी त्याविरुद्ध आमरण उपोषणाला बसले. बाबासाहेबांवर किती दडपण होतं हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. ७१ जागांऐवजी १४८ जागा मिळाल्या, पण त्या संयुक्त मतदारसंघात. जागा दुप्पट झाल्या. त्या जागांवर कोण निवडून यायचा, हे मात्र बहुसंख्याकांच्या मतांवर गेलं. बाबासाहेबांना हा करार पुढे सलत राहिला, ते उगाच नाही. ज्याला सामावून घेतलं त्याचा आकडा वाढतो आणि आवाज बारीक होतो, हे पुणे कराराने आपल्याला फार लवकर दाखवलं.

बाबासाहेबांचा दुसरा मुद्दा माझ्या बाजूला जास्त अडचणीचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ते म्हणाले की खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञान आणि जातीयतेची गुहा. राज्यघटनेच्या मसुद्याने खेड्याला बाजूला ठेवून व्यक्तीला एकक मानलं, याचा त्यांना आनंद होता. ‘लहान ते चांगलं’ असं मानून चालणाऱ्या प्रत्येकाला याचं उत्तर द्यावं लागेल. सवर्णांच्या पाणवठ्यावर दलिताला पाणी भरू न देणारी संस्था लहानच होती, स्थानिकच होती. तिला वठणीवर आणायला दिल्लीतला कायदा लागला.

मी या उत्तरासाठी पुन्हा त्या शिकवणीकडे जातो. तिच्या पायाशी गाव नाही, चर्चही नाही. प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा आहे. सब्सिडिअ‍ॅरिटीची सुरुवात व्यक्तीपासून होते, मग कुटुंब, मग वस्ती, मग गाव. गाव जर आपल्याच माणसाला चिरडत असेल तर वरच्या सत्तेने मध्ये पडणं हे याच तत्त्वाचं पालन आहे, कारण त्या माणसाच्या दृष्टीने गाव हीच वरची सत्ता आहे. बाबासाहेबांनी व्यक्तीला एकक मानलं. पायसचं पत्रही त्याच टोकापासून सुरू होतं. त्यामुळे ‘गावकी वाचवा’ म्हणून हद्दवाढीला विरोध करणाऱ्यांना मी माझ्यात धरत नाही. त्यातल्या काहींना गुंठेवारीचे व्यवहार आणि सरपंचपदाचा मान वाचवायचा असतो. मला वाचवायचा आहे तो दरवाजा, ज्यावर थाप मारली की कुणीतरी उघडतं.

हा दरवाजा बंद होताना मी आमच्याच लोकांत बघितला आहे. पुण्यातल्या एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, रविवारी सकाळी सातला मराठी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) आणि साडेआठला इंग्रजी मिस्सा व्हायची. मराठी मिस्सेला बहुतेक नगर, राहाता, श्रीरामपूरकडून आलेली कुटुंबं, इंग्रजीला गोव्याची, केरळची, आयटीतली. एका वर्षी पॅरिश कौन्सिलने ठरवलं की सणांच्या दिवशी सगळ्यांची मिळून एकच मिस्सा करायची, म्हणजे एकोपा वाढेल. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. वाचनं इंग्रजीत गेली, मराठीचं एक गाणं अर्पणाच्या वेळी ठेवलं. खराडीच्या सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या एक बाई पूर्वी पहिलं वाचन करायच्या. शनिवारी रात्री त्या ते वाचन शंभर पानी वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून काढायच्या, श्वास कुठे घ्यायचा तिथे पेनाने रेघ मारायच्या, आणि वहीला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून आणायच्या. एकत्र मिस्सेत त्यांना काही काम राहिलं नाही. आधी त्या मागच्या बाकावर गेल्या, मग सणाला वस्तीतल्या प्रार्थनेलाच थांबायला लागल्या. कौन्सिलमध्ये कुणी त्यांना वगळा म्हणालं नव्हतं. ज्या बैठकीत निर्णय झाला त्या बैठकीत सातच्या मिस्सेचं एकही माणूस नव्हतं, एवढंच झालं होतं.

म्हणून चर्चने पुण्याला उपदेश करायच्या आधी स्वतःचं घर बघावं, असं कुणी म्हटलं तर मी मान डोलावीन. आमच्यातले बहुसंख्य मराठी कॅथलिक पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजातले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती दलित बाहेर राहिले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, आम्ही अजून बाहेर. हा राज्याने केलेला अन्याय आहे आणि चर्च त्याविरुद्ध बोलतं. पण चर्चच्या आत जात किती आहे यावर आमचा आवाज तितका चढत नाही. संविधान सभेत ख्रिस्ती प्रतिनिधींनी, त्यात फादर जेरोम डिसूझा हे जेझुइट होते, राखीव जागांचा आग्रह सोडला आणि बहुसंख्याकांवर विश्वास टाकला. एकीकरणासाठी इतकी मोठी किंमत आपणहून मोजणाऱ्या समाजाला, एकीकरण कसं व्हावं यावर बोलण्याचा अधिकार आहे. तो त्याने फक्त स्वतःच्या शाळा आणि दफनभूमीपुरता वापरू नये.

आता पुन्हा हद्दवाढीकडे. मास्ट्रिख्तचा करार झाला त्याच वर्षी, डिसेंबर १९९२ मध्ये, आपल्या संसदेने ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती मंजूर केली. पंचायती आणि नगरपालिका यांना घटनेत जागा मिळाली. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असं घटना सांगते. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या असल्या पाहिजेत असंही सांगते. कागदावर हे युरोपपेक्षा सरस आहे. पण यात एक फट राहिली. ग्रामपंचायत संपते तो दिवस आणि नव्या शहरी प्रतिनिधीची निवड होते तो दिवस, यांच्यामध्ये किती अंतर चालेल, हे कुणी बांधून दिलेलं नाही. पुण्याच्या तेवीस गावांसाठी ते अंतर साडेचार वर्षांचं झालं.

त्या साडेचार वर्षांत काय झालं ते बघा. गावं महापालिकेत आली त्याच महिन्याभरात राज्य सरकारने त्यांच्या नियोजनाचा अधिकार पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, दिला. बांधकामाला परवानगी देणार एक, त्या इमारतीला पाणी पुरवणार आणि कचरा उचलणार दुसरा. वाघोलीतल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने टँकरची बिलं कुणासमोर ठेवायची? पीएमआरडीए म्हणणार, पाणी महापालिकेचं. महापालिका म्हणणार, बांधकामाची परवानगी आमची नव्हे. सब्सिडिअ‍ॅरिटीत जबाबदारी शक्य तितकी खाली ठेवायची असते. इथे ती दोन संस्थांच्या मधल्या खड्ड्यात पडली.

उरुळी देवाची आणि फुरसुंगीची कथा याहून कडू आहे. अख्ख्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या उशाशी जाऊन पडत होता, तेव्हा ती शहराचा भाग नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही दोन गावं इतर नऊ गावांसोबत महापालिकेत घेतली गेली. मग मिळकतकर आला, त्या मानाने सुविधा आल्या नाहीत, आणि सात वर्षांत, २०२४ मध्ये, दोन्ही गावं बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पुण्यात याकडे कराची कुरकुर म्हणून बघितलं गेलं. मी त्याला आपला छोटा ब्रेक्झिट म्हणतो. जून २०१६ मध्ये जे ५२ टक्के ब्रिटिश बाहेर पडायला निघाले, त्यांच्यातही पैशाच्या हिशेबापेक्षा ‘आमचं कुणी ऐकत नाही’ हा राग मोठा होता. आणि दोन्हीकडे बाहेर पडून मूळ प्रश्न सुटलेला नाही. नगरपरिषद वेगळी झाली म्हणून कचरा डेपोचा वास कमी होत नाही, आणि त्यात कचरा पुण्याचाच आहे.

इथे बांधिलकीची बाजू धरून बोलायला हवं, कारण पुण्यातल्या जुन्या पेठांना आणि कोथरूड-औंधला हे ऐकायला आवडत नाही. शहराने ज्या गावाच्या जमिनीवर कचरा टाकला, ज्या गावाच्या हद्दीतल्या धरणाचं पाणी प्यायलं, ज्या गावाच्या डोंगरउतारावर आपल्या मुलांसाठी फ्लॅट घेतले, त्या गावाचं देणं शहर लागतं. ‘आमच्या करातून त्यांचे रस्ते कशाला?’ हा प्रश्न मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे. निर्वासितांच्या वेळी हंगेरीने विचारला तो हाच.

माझ्या मागण्या साध्या आहेत. कायद्यात एक कलम असावं: समाविष्ट गावातून नवा प्रतिनिधी निवडून येईपर्यंत ग्रामपंचायत सल्लागार म्हणून तरी जिवंत राहील, आणि हे अंतर सहा महिन्यांपेक्षा जास्त असणार नाही. समाविष्ट गावांतून जमा होणारा मिळकतकर आणि बांधकाम शुल्क पहिली दहा वर्षं तिथेच, पाणी आणि ड्रेनेजवर खर्च व्हावं, वर मूळ शहराने स्वतःची भर घालावी. नियोजन आणि सेवा एकाच संस्थेकडे असाव्यात. पूर्व पुण्यासाठी वेगळ्या महापालिकेची चर्चा मधूनमधून उठते. ती करताना आधी हे ठरवा, मग नकाशावर रेघ मारा.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने नगरसेवक आले. एक्केचाळीस प्रभाग, एकशे पासष्ट नगरसेवक. २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने सरासरी प्रभाग ऐंशी हजारांच्या वर जातो, आणि आजची वस्ती त्याहून बरीच जास्त आहे. चार नगरसेवकांच्या एका प्रभागात समाविष्ट गावं जुन्या शहराला जोडलेली असतात तिथे मतांचं पारडं कुणाकडे झुकतं हे सांगायला नको. ग्रामसभेत माणूस उठून उभा राहायचा आणि ग्रामसेवकाला हिशेब विचारायचा. त्यात दांडगाई असायची, जात असायची, तरी उभं राहायला जागा होती. शहरात तशी जागा क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची. तिची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे, पण पुण्यात क्षेत्रसभेला जाऊन आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

हे सुरू करायला नव्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. नगर रस्त्यावर, येरवड्यात, खडकीत, कॅम्पात आमच्या धर्मग्रामांची सभागृहं आहेत. रविवारी दुपारनंतर ती बहुतेक रिकामी असतात. खुर्च्या आहेत, माइक आहे. सेमिनरीत सामाजिक शिकवण वर्षानुवर्षं शिकणारे तरुण आहेत, त्यांना प्रश्नपत्रिकेबाहेर तिचा उपयोग दिसू दे. ही सभागृहं दर तीन महिन्यांनी परिसरातल्या सगळ्यांसाठी उघडावीत, येणारा कुठल्या धर्माचा हे न विचारता, आणि प्रभागातल्या चारही नगरसेवकांना लेखी बोलवावं. पहिल्या सभेला महापालिकेच्या अंदाजपत्रकाची मराठी प्रत टेबलावर असावी आणि आपल्या प्रभागापुढे कुठल्या कामाला किती रक्कम धरली आहे ते मोठ्याने वाचून दाखवावं. वाचायला कुणीतरी लागेल. मोठ्या अक्षरांत उतरवून, श्वासाच्या जागी रेघ मारून तयारी करणारी माणसं आमच्याकडे आहेत, त्यांना आधी विचारावं.